पीच कॉब्लरचा वरचा थर सोनेरी होऊनही खालून कच्चा का राहतो?

पीच कॉब्लर म्हणजे पीचच्या फळांवर पीठ घालून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ; पीठ थंड फळांवर घातले गेल्यामुळे ते खालून कच्चे राहते. म्हणून फळे आधी नुसतीच १९० अंश सेल्सियसला सुमारे १५ मिनिटे, कडेने रस उकळू लागेपर्यंत भाजावीत आणि मगच त्यांवर पीठ घालावे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत रूढ असलेल्या या गोड पदार्थात अमेरिकी बिस्किटाचे (म्हणजे पावासारख्या मऊ, फुललेल्या बिस्किटाचे) मऊ पीठ चमच्याने गोळ्या-गोळ्यांनी फळांवर सोडतात. त्याला वरून ओव्हनची कोरडी उष्णता मिळते, पण खालच्या बाजूला मात्र फळांच्या रसाचीच ऊब पोचते, आणि तो रस थंड असेल तर बेकिंग पावडरने पीठ फुलून घट्ट होण्याआधीच ते रस शोषून चिकट होते. गोळ्यांमध्ये बोटभर फटी ठेवाव्यात, म्हणजे वाफ बाहेर पडते (सलग थर दिसतो छान, पण बहुधा तोच घात करतो). वरच्या रंगावर विसंबू नये: मधल्या गोळ्याचा गाभा ९३ अंशांच्या आसपास पोचला आणि मधोमध रसाला दाट बुडबुडे येऊ लागले, की रस दाट करण्यासाठी त्यात घातलेले कॉर्नफ्लोअरही शिजले असे समजावे. वाढण्यापूर्वी अर्धा तास थांबावे, तेवढ्यात रस आळतो. मात्र ज्या पद्धतीत वितळलेल्या लोण्यावर पातळ पीठ ओतून त्यावर फळे ठेवतात, तिला हे लागू नाही. तिथे पीठच फळांभोवती फुलून वर येते.