घड्याळ जरा वर सरकव
अरे, पळताना ठोके मोजणारं हे स्मार्ट घड्याळ मनगटाच्या हाडावर नको. दोन बोटं वर, कोपराकडे सरकव आणि पट्टा घट्ट आवळ. सैल राहिलं तर मागचे हिरवे दिवे ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसतात. ठाण्यात उपवन तलावाला रमतगमत पळताना मला एकदा ठोके १७२ दिसले, घाबरून थांबलोच! शंका आली की थांबून मानेवर बोटं ठेव, १५ सेकंद मोज, चारने गुण.

जीपीएस लागेपर्यंत मोकळ्या आभाळाखाली उभा राहा. टॉवरांच्या फटीतून निघालास तर पहिला किलोमीटर खोटाच. येऊरच्या डोंगरातल्या झाडीत, चढावर तर वेगाकडे बघूच नकोस. इंटरव्हलला, म्हणजे आलटूनपालटून जोरात-हळू पळताना, ठोके मोजणारा छातीचा पट्टा बरा, मनगटावरचा आकडा मागे रेंगाळतो. आणि घरी आल्यावर घड्याळाचा पट्टा धू, मला घामाने पुरळ आलं होतं.