मुलाला एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) गोळी लिहून दिली आहे, पण साइड इफेक्ट्सची भीती वाटते. काय करू?

तुम्ही लिहिलंय की मुलगा आठ वर्षांचा आहे, गोळी लिहून देऊन पंधरा दिवस झाले आणि पाकीट अजून कपाटात तसंच पडलंय. आमच्याकडे ते देव्हाऱ्याखालच्या खणात एकवीस दिवस होतं. मी रोज काढायची, आतलं पत्रक वाचायची आणि परत ठेवून द्यायची. मी डॉक्टर नाही, इंदूरात राहणारी एक आई आहे. लेक आता तेराचा आहे, गोळी साडेआठव्या वर्षी सुरू झाली. तेव्हा हे एका घरचं म्हणून वाचा.

सुरू करा किंवा करू नका, हे मी सांगणार नाही. पण करणार असाल तर पाकीट फोडण्याआधी एक वही घ्या आणि दहा-बारा दिवस गोळीविना मूल कसं असतं ते लिहा. किती वाजता झोपलं, डब्यातलं किती परत आलं, पोट दुखतं म्हणालं का, कशावरून रडलं, डोळे मिचकावणं किंवा खांदा उडवणं अशी सवय आहे का. वजन, उंची. आमच्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, वेळ मारून नेताहेत. मग गोळी सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी लेक रात्री साडेअकरापर्यंत टक्क जागा. मी ह्यांना म्हटलं, बघा, झोप गेली पोराची. ह्यांनी वही उघडून माझ्यासमोर धरली. गोळीच्या आधीच्या बारा रात्रींपैकी सात रात्री तो अकरानंतरच झोपला होता. अक्षर माझंच.

डब्याच्या रकान्यात मात्र फरक ढळढळीत होता. आधी रोज ‘रिकामा’. नंतर ‘अर्धी पोळी’, ‘भाजी तशीच’, ‘उघडलाच नाही’.

गोळीचं नाव तुम्ही दिलेलं नाही. बहुधा मिथाइलफेनिडेट असेल. भूक मरणं हा तिचा अगदी नेहमीचा त्रास. मग झोप लांबणं, पोटदुखी, डोकेदुखी, नाडी आणि रक्तदाब थोडा वाढणं. भुकेवर डॉक्टरांचं एकच वाक्य होतं, “पहले नाश्ता, फिर गोली. उल्टा मत करना.” आमच्याकडे पोहे ठरलेलेच, वर शेव आणि जिरावण मसाला. सोबत पेलाभर दूध. हे पोटात गेल्याशिवाय गोळीला हात लावायचा नाही. दुपारच्या डब्यावरून भांडणं मी सोडून दिलं. गोळीचा असर उतरला की रात्री आठ-नऊला त्याला कडकडून भूक लागायची, तेव्हा पुन्हा पोटभर जेवण. सासूबाईंना रात्री नऊनंतर ओटा पुसलेला लागतो, त्यामुळे वर्षभर आमच्या घरात त्या ओट्यावरून शीतयुद्ध होतं. शनिवारी हे त्याला सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, न्यायचे. तिथे सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यावरच कढया चढतात, त्यामुळे आमच्या चिरंजिवांची वेळ बरोबर जुळायची.

गोळीने उंची खुंटेल का, असंही विचारलंत. दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलच्या खुणा पहिल्या वर्षी एकमेकींना चिकटून होत्या आणि माझा जीव खाली-वर होत होता. अमेरिकेत ५७९ मुलांना घेऊन एमटीए नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यातल्या मुलांची तीन वर्षांनी मापं घेतली, तेव्हा नव्याने गोळी सुरू झालेली मुलं न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी २ सेंटीमीटर कमी उंच आणि २.७ किलो हलकी भरली. म्हणजे परिणाम आहे, नाही असं कोणी सांगितलं तर मानू नका. पण मी मनात धरला होता तेवढा राक्षसी नाही. दर भेटीला वजन, उंची, नाडी, रक्तदाब मोजून घ्या, डॉक्टर घाईत असले तरी. आणखी एक, घराण्यात कोणी तरुण वयात अचानक गेलं आहे का, मूल खेळताना कधी चक्कर येऊन पडलं आहे का, हे त्यांनी विचारलं नाही तर आपण सांगायचं. ह्यांचे एक काका तिशीतच गेले होते. ते कळल्यावर आधी ईसीजी काढला, मगच गोळी.

आता माझा मूर्खपणा. तिसऱ्या महिन्यात दिवसभर पुरणारी, हळूहळू विरघळणारी गोळी सुरू झाली. मला मात्रा जास्त वाटली. कोणाला न सांगता मी सुरीने तिचे दोन तुकडे केले आणि अर्धीच दिली. दुसऱ्या तासाला शाळेतून फोन, पोरगा म्हणतो छाती धडधडतेय. अशी गोळी कापली की हळूहळू सुटण्याची तिची रचनाच मोडते, आठ तासांत जायचं ते औषध एकदम सुटतं. कमी द्यायला गेले आणि भलतंच झालं. दुपारपर्यंत असर संपून तो पुन्हा बाकावर उभा, ते निराळंच. डॉक्टर रागावले नाहीत, पण त्यांनी ती गोष्ट केसपेपरवर माझ्यादेखत लिहिली. कापणं, कुटणं, मनाने बंद करणं, सगळं आधी विचारून.

गोळी उतरताना चिडचिड होते तीही धरून ठेवा. आमच्याकडे दुपारी चार-साडेचारला. एकदा बुटाच्या नाडीची गाठ सुटेना म्हणून तो वीस मिनिटं जमिनीवर लोळून रडला होता. तेवढ्या वेळात अभ्यास, क्लास काही नाही, खायला द्यायचं आणि गप्प बसायचं.

लोकांचं काय सांगू? दवा बाजारात एका दुकानदाराने चिठ्ठी बघून चार गिऱ्हाइकांदेखत मोठ्याने विचारलं, “ये तो नशे वाली है, बच्चे को?” मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. खरं असं की हे औषध कायद्याच्या शेड्यूल एक्समध्ये येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो, आणि वेगळा परवाना असलेल्याच दुकानात ते मिळतं. गैरवापर होऊ शकतो म्हणून हा बंदोबस्त. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत मुलाला नशा चढत नाही. पाकीट मात्र मोठ्यांच्याच ताब्यात ठेवा.

गोळी अॅटोमॉक्सेटिन, म्हणजे एडीएचडीचंच दुसरं औषध, असेल तर हिशोब वेगळा. ती काही आठवड्यांनी लागू पडते. आमची गोळी डॉक्टरांना विचारून रविवारी बंद असते, तसं तिच्याबाबतीत करायचं नाही. तिच्या पाकिटावर आत्महत्येच्या विचारांबद्दल इशारा असतो, नैराश्याच्या गोळ्यांवरही असतो. तो वाचून हबकू नका आणि दुर्लक्षही करू नका. नैराश्याच्या गोळ्यांवर तो २००४ साली अमेरिकेत आला. २४ चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा नैराश्याची गोळी घेणाऱ्या मुलांत असे विचार किंवा वागणं शंभरात चार जणांत दिसलं, औषध नसलेल्या खोट्या गोळीवर शंभरात दोघांत. त्या चाचण्यांत आत्महत्या एकही झाली नव्हती. पहिले काही आठवडे आणि मात्रा बदलल्यानंतर मुलाकडे जास्त लक्ष हवं. मरणाची भाषा, नसलेले आवाज ऐकू येणं, छातीत दुखणं, बेशुद्ध पडणं यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. मनाच्या तक्रारीसाठी डॉक्टर सापडेनात तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो.

एक गोष्ट मात्र वहीतून निसटली होती. लेक आजोबांची नक्कल फार छान करतो. फोनवर “हॅलो, हाँ भई, बोलो” म्हणत एकदम मराठीत घसरणारे आजोबा. मात्रा वाढवल्यावर दीड महिना सगळं कसं सुरळीत होतं, वह्या पूर्ण, शाळेतून तक्रार नाही. दिवाळीत सासरेच म्हणाले, “अगं, हा माझी टिंगल करायचा थांबला की गं.” मी डॉक्टरांकडे गेले तेव्हा मला वाटलं होतं, हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, बच्चा चुप हो गया मतलब डोस ज्यादा है. मात्रा एक पायरी खाली आणली. बाराव्या दिवशी जेवताना “हाँ भई” ऐकू आलं आणि सासऱ्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

त्यानंतर वहीत ‘नकला’ असा एक रकाना आखलाय. डॉक्टर वही उघडली की आधी तोच बघतात.