नवीन घराला २ बाय ४ फुटांच्या ग्लॉसी टाइल्स घ्याव्यात की मॅट? कोणत्या कंपनीच्या टिकतात?

कंपनी सगळे विचारतात, बसवणार कोण हे कुणीच विचारत नाही. सांगलीत टाइल्सच्या दुकानात काउंटरला बसून मी बरीच वर्षं बिलं फाडलीत, त्यामुळे असा प्रश्न दिसला की मला गप्प बसवत नाही.

कंपनीचं आधी उरकते. आपल्याकडच्या बहुतेक टाइल्स गुजरातेत मोरबीला बनतात. मोठ्या नावांचा बराच मालही तिथल्याच कारखान्यांतून करून घेतलेला असतो. नावापेक्षा पाणी शोषण्याचा आकडा विचारा. ०.५ टक्क्याच्या वर असेल तर व्हिट्रिफाइड, म्हणजे घट्ट भाजलेली, पाणी न पिणारी टाइल, म्हणून कुणी कितीही गळ्यात मारू दे, घेऊ नका. शिवाय दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून उभ्या धरा आणि मधून उजेड किती दिसतो ते बघा. २ बाय ४ च्या टाइलला मधे थोडा बाक असतोच, पण तो डोळ्यात भरण्याइतका असला तर पुढचं खोकं उघडायला सांगा.

आता मुद्द्याचं. आमच्या मोठ्या भाऊजींनी मिरजेला बंगला बांधला. हॉलला पांढऱ्या ग्लॉसी २ बाय ४, त्यात करड्या रेघा, संगमरवरासारखी दिसणारी. माल आमच्याच दुकानातून, माझ्या ओळखीनं दर पाडून घेतलेला. मी तेव्हाच म्हटलं होतं की दोन टाइल्समध्ये निदान २ मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे फट राखणारे प्लास्टिकचे तुकडे, टाका, भिंतीलगत बोटभर जागा सोडा, ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली, झाकली जाते, आणि सिमेंटवर न बसवता अ‍ॅडेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा तयार मसाला, वापरा. भाऊजी म्हणाले, "सांधे दिसायला लागले तर एवढी मोठी टाइल घेतली कशाला?" मिस्त्री म्हणाला, "वहिनी, हयात गेली फरशी बसवण्यात." आणि मग पाहुण्यांच्या देखत भाऊजींचं ते वाक्य, की बिलं करणाऱ्यानं बिलं करावीत. तिथं मी विषय सोडला. म्हणजे तोंडानं सोडला.

टाइल्स एकमेकींना चिकटवून, भिंतीला टेकवून, सिमेंट-वाळूच्या मालावर सिमेंटची पातळ स्लरी ओतून बसल्या. वास्तुशांतीला जो येईल तो खाली वाकून बघत होता, सांधा कुठाय म्हणून. भाऊजी खूश.

पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी हॉलमधून धाडकन आवाज झाला. आत्या, म्हणजे आमच्या सासूबाई, चहा टाकत होत्या. त्यांना वाटलं सिलिंडर गेला. बाहेर येऊन बघतात तर हॉलच्या मधोमध टाइल्सच्या दोन ओळी एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या. खालून हात जात होता. मी दुपारी पोचले आणि आधी एक टाइल उलटी केली. पाठ स्वच्छ! धुऊन पुसून ठेवल्यासारखी, सिमेंटचा कण नाही. खालच्या मालावर मात्र टाइलच्या पाठीचा अख्खा छाप उठलेला, चौकटी-चौकटी आणि कंपनीच्या नावाची उलटी अक्षरंसुद्धा. म्हणजे सिमेंट टाइलपर्यंत पोचलं होतं, नीट पसरलंही होतं. पकडलं नव्हतं.

पकडणार कसं? व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, हाच तर तिचा गुण. जुन्या शहाबादीत किंवा मोझॅकमध्ये सिमेंटचं पाणी आत मुरतं आणि ते धरून बसतं. इथे मुरायला जागाच नाही. त्यात नवीन घराचा स्लॅब आणि खालचा माल वाळत वाळत वर्षभर आकसत राहतो, टाइल आकसत नाही. दिवसा ऊन, रात्री गारठा, त्याची ओढाताण वेगळी. टाइल्स एकमेकींना रेटतात, बाजूला सरकायला फट नसते, भिंतीनं वाट अडवलेली. मग जिथं पकड सगळ्यात कच्ची तिथून वर येतात. फट ठेवून त्यात ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा मसाला, भरलं असतं तर तो रेटा बराचसा तिथंच जिरला असता, आणि अ‍ॅडेसिव्ह असतं तर पाठ अशी कोरी सुटली नसती. अ‍ॅडेसिव्ह दातेरी थापीनं ओढायचं आणि मोठ्या टाइलच्या पाठीलाही एक हात द्यायचा. चार कोपऱ्यांत आणि मधे एक असे पाच गोळे ठेवून टाइल दाबणारा मिस्त्री असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

भाऊजींचा निकाल: माल खराब. तोही "तुझ्या दुकानातला". कंपनीचा माणूस आला, त्यानं लाकडी मुठीनं हॉलभर ठोकून बघितलं. निम्म्या हॉलचा आवाज पोकळ. मी जे आधी बोलले होते तेच तो फार अदबीनं बोलला. त्यावर भाऊजी, "कंपनीचा माणूस कंपनीचीच बाजू घेणार." आजही कुठल्या लग्नात टाइल्सचा विषय निघाला की ते मोरबीला शिव्या घालतात आणि मी जेवणात लक्ष घालते.

बरं, ग्लॉसी की मॅट. हॉलमध्ये आणि झोपायच्या खोल्यांत ग्लॉसी चालेल, रोज पुसायची हौस असेल तर. स्वयंपाकघर, बाथरूम, बाल्कनी, जिना इथं ग्लॉसी घालणाऱ्याला माझा हात जोडून नमस्कार. एक थेंब तेल सांडलं की झालं. दुकानात टाइल खाली ठेवायला लावा, वर पाणी ओता, चप्पल काढून उभे राहा. लाजू नका, आम्ही रोज बघायचो. ओल्या जागेसाठी आर १० किंवा त्यावरची मागा, हा आकडा जेवढा मोठा तेवढी टाइल कमी घसरते. फार खरखरीतही नको, तिच्या खाचांत काळं बसतं आणि ते घासायला घरातली बाईच बसते.

ग्लॉसीतही दोन जाती आहेत. छापील नक्षीवर चकचकीत थर दिलेली असते, तिचा थर पातळ. चपलेखालची वाळू आणि ओढलेली लोखंडी कॉट त्यावर ओरखडे काढतात आणि ते खिडकीच्या उजेडात लख्ख दिसतात. डबल चार्जमध्ये रंगाचा थरच तीन-चार मिलिमीटरचा, त्यामुळे झिजली तरी कळत नाही. पण नक्षी मोजकीच, म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतं. दुकानासाठी किंवा वर्दळीच्या घरासाठी मी डोळे झाकून डबल चार्ज सांगते. काळी ग्लॉसी कुणालाच सांगत नाही. ओलं पाऊल, केस, धूळ, सगळं हजेरी लावतं.

एक खरं सांगायला हवं. साध्या सिमेंटवर, फट न ठेवता बसवलेल्या टाइल्स वर्षानुवर्षं जागच्या हलल्या नाहीत अशी घरंही मी पाहिलीत. विशेषतः जुन्या घरात, जिथं स्लॅब आकसायचा तेवढा आधीच आकसून झालेला असतो. भाऊजी हाच दाखला देतात. त्यांचा बंगला नवा होता, हे ते सांगत नाहीत. आणि घरात गुडघेदुखीची माणसं असतील तर थंडीत ही फरशी फार गार पडते, त्याला मॅट-ग्लॉसी दोन्ही सारख्याच.

२ बाय ४ विटांसारखी अर्ध्यावर अर्धी बसवू नका, बाकामुळे कड वर येते आणि पायाला ठेचते. फार तर एक तृतीयांश सरकवा. ग्राउट इपॉक्सी घ्या, निदान स्वयंपाकघरात. हळदीचा डाग साध्या ग्राउटवरून जात नाही. बाथरूमसाठी मिळतं ते अ‍ॅसिड फरशीवर ओतू नका, ते ग्राउट खातं.

आणि खोक्यांवरचा बॅच नंबर आणि शेड एकच आहे ना बघून दोन खोकी जास्तीची घ्या, माळ्यावर टाका. दुकानदार उरलेली परत घेतो म्हणाला तरी देऊ नका. भाऊजींनी दिली होती. दुरुस्तीला तीच डिझाइन मिळाली, पण दुसऱ्या बॅचची. आता हॉलच्या मधोमध दोन ओळी पिवळट दिसतात, आणि बसवल्यात परत तशाच, एकमेकींना चिकटवून.