सोआवे आणली, पाण्यासारखी लागली. इटलीच्या व्हाइट वाइनमध्ये दम नसतोच का? सुरुवात कोणत्या द्राक्षापासून करावी?

दम असतो. तुमच्या बाटलीवर नुसतं ‘सोआवे’ होतं की ‘सोआवे क्लासिको’, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळी गोम तिथेच आहे. माझ्या मते नुसतं ‘सोआवे’ असणार.

सोआवेचं मुख्य द्राक्ष गार्गानेगा, नियमाने किमान 70 टक्के. वेल दांडगा, घड लांब आणि सैल. काडीच्या बुडाकडचे डोळे फारसे फळत नाहीत, म्हणून छाटणीत काडी लांब ठेवावी लागते आणि म्हणूनच तिकडे मांडवाची पद्धत रुजली. आवर घातला नाही तर हा वेल बेसुमार माल देतो. मूळचं सोआवे, म्हणजे आजचं ‘क्लासिको’, हे व्हेरोनाच्या पूर्वेला सोआवे आणि मोन्तेफोर्ते द’आल्पोने या दोन गावांच्या टेकड्या. 1931 मध्ये त्यांची हद्द सरकारने आखून दिली होती. 1968 मध्ये डीओसी (ठरावीक भागाच्या वाइनला नियमांसह मिळणारा सरकारी दर्जा) मिळाली तेव्हा टेकड्यांखालचं सपाट रानही त्याच नावात घुसवलं गेलं. साध्या सोआवेला हेक्टरी 15 टन माल चालतो, म्हणजे एकरी सहा टन. गाळाच्या जमिनीत वेलावर एवढा बोजा टाकला की साखर कशीबशी भरते, पण चव भरत नाही. त्यात एके काळी त्रेबियानो तोस्कानो मिसळायची सोय होती. हे तेच द्राक्ष, जे फ्रान्समध्ये उग्नी ब्लां या नावाने कॉन्याकच्या भट्टीत जातं. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नाही. असला माल वर्षानुवर्षं जगभर खपला आणि लोकांनी गार्गानेगावरच फुली मारली. हे द्राक्ष त्या लायकीचं नाही, म्हणून हे एवढं लांबण लावतोय.

शक्य झालं तर पिएरोपान या सोआवेच्या उत्पादकाच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवून प्या: ‘काल्व्हारिनो’ आणि ‘ला रोक्का’. पहिली काळ्या बेसाल्टवरची. तिच्यात गार्गानेगाबरोबर त्रेबियानो दी सोआवे (वरचं तोस्कानो नव्हे, वेगळं द्राक्ष) असतं आणि ती सिमेंटच्या टाकीत मुरते, लाकूड लागत नाही. दुसरी सोआवेच्या किल्ल्याखालच्या चुनखडीच्या चिकणमातीवरची, निव्वळ गार्गानेगा, लाकडात मुरवलेली. पहिली ताठ आणि खारट अंगाची, दुसरी भरलेली, पिवळ्या फळांच्या वासाची. दोन्हींच्या शेवटी जिभेवर कडू बदामाची किंचित चव राहते. गार्गानेगाची खूण हीच.

आता सुरुवात कुठून करावी? पिनो ग्रिजोपासून नको. ते द्राक्ष मुळात इटलीचं नाहीच, फ्रान्सचं आहे. मी आधी वेर्दिक्कियो देईन. वर सांगितलेलं त्रेबियानो दी सोआवे म्हणजे वेर्दिक्कियोच, हे डीएनए तपासणीतून सिद्ध झालंय. बाटलीवर ‘कास्तेल्ली दी येझी’ किंवा ‘मातेलिका’ बघा, मध्य इटलीतले हे याचे दोन भाग. मातेलिकाचं खोरं उत्तर-दक्षिण आहे, समुद्राची हवा आत पोचत नाही, रात्री थंड असतात, म्हणून तिथली आंबट धार जास्त तीक्ष्ण. त्यानंतर दक्षिणेकडच्या कांपानियातली फियानो दी आव्हेल्लिनो. ओल्या नारळाच्या कालवणासमोर टिकणारी हीच. मग सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उतारावरची कार्रिकांते, पण ती आंबट सोसणाऱ्यांनीच घ्यावी. बाकी व्हेर्मेन्तिनो, आर्नेइस वगैरे नंतर आपोआप येतील.

वाइन कितीही चांगली असली तरी फ्रिजमधून काढून थेट ग्लासात ओतलीत तर तीही पाण्यासारखीच लागेल. चार-पाच अंशांवर वास उठतच नाही, जिभेला फक्त आंबट आणि कडू कळतं. गार्गानेगात तर नेमका तो बदामाचा कडवटपणा तेवढा उरतो. 10 ते 12 अंश हवेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटली वीसेक मिनिटं आधी बाहेर काढा, ग्लास एक तृतीयांशच भरा आणि बाटली परत आत ठेवा. बर्फ टाकू नका.

आणि व्हाइट वाइन वर्षाच्या आत संपवायची असते म्हणे! यावरून माझं एका मित्राशी जुनं भांडण आहे. तो म्हणतो ते साध्या पिनो ग्रिजोला लागू आहे. टेकडीवरच्या गार्गानेगाला, येझीच्या रिझेर्व्हाला (जास्त मुरवलेल्या वेर्दिक्कियोला) किंवा फियानोला नाही. ही द्राक्षं पहिल्या वर्षी मुकी असतात. फियानोचा भाजलेल्या हेझलनटचा वास तीन-चार वर्षांनी येतो, सोआवेतला मध आणि कॅमोमाइल त्याहून उशिरा. दुकानात चार वर्षांपूर्वीचं साल दिसलं की लोक मागे सरकतात, तेव्हा तीच बाटली उचलायला हवी.

अर्थात यात दोन गोष्टी सांभाळा. ‘क्लासिको’ म्हणजे फक्त टेकडीचा पत्ता, चवीची हमी नव्हे. तिथेही हेक्टरी 14 टन चालतात. दहा टनांची मर्यादा आहे ती ‘सुपेरिओरे’ डीओसीजीला (डीओसीच्या वरचा दर्जा), पण चांगले उत्पादक बऱ्याचदा ती पाटी लावतच नाहीत, त्यामुळे उत्पादकाचं नाव बघणंच बरं. दुसरं, जुनं साल घ्या हे मी म्हणतो ते बाटली थंडाव्यात राहिली असेल तरच. मुंबई-पुण्याच्या दुकानात दिव्याखाली उभी ठेवलेली, बूच वर सरकलेलं किंवा रंग चहासारखा झालेला दिसला, तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती सोडून द्या आणि त्याच दुकानातून त्यातल्या त्यात ताजं साल घ्या.