‘माझंच दूध बाधलं का हो त्याला?’

आजार कुठलाही असो, आमच्या जनुकीय समुपदेशनाच्या खोलीत आया हा प्रश्न विचारतातच. नवरा बाहेर गेला, सासूबाई बाळाला घेऊन उठल्या की मग, अगदी हळू आवाजात. ज्या घराची गोष्ट सांगते आहे, तिथं तर हा प्रश्न पडण्याला सबळ कारण होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

बाळ अडीच महिन्यांचं. सारखी किरकिर आणि पोट फुगलेलं, म्हणून रक्त काढलं. सिरिंजमध्ये आलं ते दुधात कुंकू कालवल्यासारखं, फिकट गुलाबी. रक्त काढणारा मुलगा बोलून गेला, “याच्या रक्तात दूध उतरलंय.” तो काही वाईट माणूस नसेल, पण ते एक वाक्य त्या आईच्या काळजात रुतून बसलं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १५० च्या आत असावं, ते याचं ६,००० च्या वर निघालं. नळी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली, तर सकाळी वर घट्ट साय धरलेली आणि खाली नितळ द्रव.

माझ्याकडे आले तेव्हा जनुक तपासणीचा अहवाल हातात होता. मी नेहमीप्रमाणे कागदावर चौकोन-वर्तुळं काढून अनुवंशिकता समजवायला लागले. ती मान डोलवत होती. मग लक्षात आलं, तिचा पदर ओला झालाय. अंगावर पाजणं दोन दिवसांपूर्वी बंद केलं होतं, पान्हा थांबला नव्हता. मी कागद बाजूला सारला.

आधी दुधाचंच बोललो. तिचं दूध जसं असायला हवं तसंच होतं. आईच्या दुधात स्निग्धांश असतो आणि तो बाळाला लागतोच. आतड्यातून शोषलेली ही चरबी कायलोमायक्रॉन नावाच्या बारीक थेंबांत भरून रक्तात येते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर लायपोप्रोटीन लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते या थेंबांतली चरबी फोडून स्नायूंना आणि मेदपेशींना देतं. तुमच्या-माझ्या रक्तातले थेंब असे काही तासांत रिकामे होतात. या बाळात ते विकर काम करत नव्हतं, म्हणून चरबी रक्तातच साचली. आजाराचं नावच ‘लायपोप्रोटीन लायपेजची कमतरता’. बाळाचे वडील कांद्याचा टेम्पो चालवतात. ते म्हणाले, “म्हणजे गाड्या लागल्यात, पण उतरवून घ्यायला हमालच नाहीत.” यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

मग दुसरा काटा. ती आत्याच्याच घरी सून म्हणून गेलेली. “नात्यात दिली म्हणून झालं का?” हा प्रश्न तिच्या वडिलांनी फोनवर विचारला होता आणि आत्या तेव्हापासून गप्प होत्या. मी आडपडदा ठेवला नाही. दोघांकडे हे विकर बनवणाऱ्या जनुकाची एकेक सदोष प्रत आहे, नात्यात लग्न झालं की अशा दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. पण नात्याबाहेर लग्न केलेल्यांतही हा आजार दिसतो, आणि आपल्यात काय दडलंय हे लग्नाच्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं. साधारण दहा लाखांत एकाला होणारी ही गोष्ट. पुढच्या प्रत्येक बाळाला धोका चारात एक. पहिलं असं झालं म्हणून पुढची तीन सुखरूप, असा हिशोब नसतो. दर वेळी डाव नव्यानं पडतो. गरोदरपणी ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊन तपासणी होऊ शकते. करायची की नाही, हे त्या दोघांनी ठरवायचं.

आत्यांना भीती हार्ट अटॅकची. इथं खरा धोका स्वादुपिंडाचा आहे. ट्रायग्लिसराइड १,००० च्या पुढे राहिलं की त्याला सूज येऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते. उलट्या, ताठरलेलं पोट, थांबतच नाही असं रडणं दिसलं, तर रात्र असली तरी निघायचं. आणि दवाखान्यात पहिल्यांदा आजाराचं नाव सांगायचं, कारण दुधाळ रक्तात इतर तपासण्यांचे आकडे चुकू शकतात.

औषधाचंही विचारलं. युरोपात २०१२ मध्ये या आजारावर एक जनुकोपचार मंजूर झाला होता, २०१७ मध्ये तो बाजारातून गेला. अमेरिकेत २०२४ च्या अखेरीस एक इंजेक्शन मंजूर झालं, तेही मोठ्यांसाठी. या बाळाचं औषध म्हणजे पथ्यच. अगदी कमी स्निग्धांशाचं डब्याचं दूध आणि त्यात मोजून एमसीटी (मध्यम लांबीच्या साखळीच्या चरबीचं) तेल. हे तेल त्या थेंबांत न शिरता आतड्यातून थेट यकृताकडे जातं, म्हणून चालतं. आठवड्याभरात आकडा १,००० च्या खाली आला.

आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी आणखी एक केलं. आईचं काढलेलं दूध यंत्रात फिरवून साय वेगळी केली आणि खालचं निळसर दूध डब्याच्या दुधासोबत थोडं थोडं बाळाला सुरू केलं. (हा प्रयोग कुणी घरी मनानं करू नये.) ती वाटी हातात धरून ती बराच वेळ बघत बसली होती.

सहाव्या महिन्यात आत्या स्वतः बाळाला घेऊन आल्या. उष्टावणाचं विचारायला. “तूप नाही, साय नाही, ते पाठ झालंय मला. खीर कशाची करू तेवढं सांगा.” तांदळाची पिठी पाण्यात शिजवायची आणि त्याच्याच डब्यातल्या दुधात कालवायची, असं ठरलं. चमचा चांदीचा चालेल ना, एवढंच त्यांनी जाताना दारातून विचारलं.