एमआरसीपीच्या (स्वादुपिंड-पित्ताच्या नळ्यांच्या एमआरआयच्या) रिपोर्टात 'पॅनक्रिआज डिव्हिझम' आलंय, भावाचं ऑपरेशन करावं लागेल का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ अठ्ठावीस वर्षांचा आहे, स्वादुपिंडाला सूज येऊन दोनदा ॲडमिट झाला, आणि आता हा शब्द वाचून घरात सगळ्यांची झोप उडालीय. मी कोल्हापुरात रेडिओलॉजिस्ट आहे, हा शब्द मीही रिपोर्टात लिहीत असतो. तो रोगाचं नाव नाही. जन्मापासून असलेली नळ्यांची वेगळी ठेवण, एवढाच त्याचा अर्थ.

गर्भात स्वादुपिंड दोन कोंबांतून तयार होतं, एक पुढचा आणि एक मागचा. सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास ते एकत्र येतात आणि त्यांच्या नळ्याही जुळतात. मग बहुतेक रस पित्तनलिकेशेजारच्या मोठ्या तोंडातून आतड्यात उतरतो. ही मुख्य नळी 1642 साली इटलीतल्या पादुआत विर्सुंगने दाखवून दिली. शंभरात पाच-दहा लोकांत मात्र नळ्या जुळतच नाहीत. मग बराचसा रस वरच्या लहान तोंडातून बाहेर पडतो, म्हणजे मोठ्या पाटाचं पाणी बारक्या दारातून सोडल्यागत. तरी यातल्या बहुतेकांना जन्मभर काही त्रास होत नाही. दुसऱ्याच कशासाठी एमआरआय काढला की आम्हाला ते दिसतं, एवढंच.

आमच्याकडे एमआरसीपीआधी पेशंटला उपाशी ठेवून अननसाचा रस पाजतात. कित्येकांना ती गंमत वाटते. पण त्यातल्या मँगनीजमुळे जठरातलं पाणी चित्रात काळं पडतं आणि मागच्या नळ्या उठून दिसतात. डिव्हिझम असेल तर स्वादुपिंडाची नळी पित्तनलिकेला ओलांडून वरच्या बाजूला आतड्यात शिरते. ते ओलांडणं दिसलं की निदान झालं. त्या नळीचं टोक फुगलंय का, हे मी मुद्दाम पाहतो. तुमच्या रिपोर्टात तसं काही लिहिलंय का, बघा.

आता ऑपरेशनचं. तोंडावाटे आतड्यात दुर्बीण घालून, म्हणजे ईआरसीपी करून, ते लहान तोंड कापून रुंद करतात. पूर्वी ते बऱ्याच उत्साहाने व्हायचं. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या 'शार्प' चाचणीत मात्र खरोखर कापलेले आणि नुसतं कापल्याचं भासवलेले पेशंट यांच्यात सुजेच्या पुढच्या झटक्यांबाबत ठोस फरक दिसला नाही. शिवाय ईआरसीपीनेच स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. त्यामुळे नुसत्या या शब्दावर दुर्बिणीला होकार देण्याची घाई मी करणार नाही.

आधी दुसरी कारणं तपासून घ्या: पित्ताचे खडे, दारू, रक्तातलं ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) आणि कॅल्शियम, चालू असलेली औषधं. भावाच्या वयाला जनुकीय तपासणीबद्दलही पोटविकारतज्ज्ञांना विचारा, कारण एसपीआयएनके-1 किंवा सीएफटीआर या जनुकांतला दोष डिव्हिझमच्या जोडीला सापडतो. आमच्याकडे सगळं खापर तांबड्या रश्शावर फोडतात आणि सिगारेटचं नाव कुणी घेत नाही. ती आधी बंद करायला लावा.

आणि सोनोग्राफीत खडे नाहीत असं एकदा आलं म्हणून तेवढ्यावर थांबू नका. बारीक खडे तिथे सुटतात, एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडमध्ये (दुर्बिणीतून आतून केलेल्या सोनोग्राफीत) पकडले जातात. ती तपासणी झाली नसेल तर कापाकापीच्या बोलण्याआधी तिच्याबद्दल विचारा. जाताना रिपोर्टच्या कागदाबरोबर एमआरआयची सीडीही न्या.