आधी अंतर, मग झाड

तुझं पत्र दोनदा वाचलं. आईच्या खोलीत दुपारभर ऊन येतं म्हणून तुला लवकर सावली हवी आहे, हे पोचलं. पण गुलमोहर की कदंब, एवढंच विचारतोस? भिंतीपासून जागा किती, जमिनीखालून पाइप कुठून गेलाय, वर तारा आहेत का, एक अक्षर नाही. मला राग आला, कारण हीच चूक माझ्या हातून झाली आहे.

माझा गुलमोहर भिंतीपासून 5 फुटांवर होता. रोप गुडघ्याएवढं असताना तेवढी जागा ऐसपैस वाटली. त्याची मुळं खोल जात नाहीत, वरच्या थरातच लांबवर पसरतात. एक लादी डुगडुगायला लागली म्हणून उचलली, तर खाली मनगटाएवढं मूळ, दबून चपटं झालेलं. पुढे भिंतीला तडा गेला आणि ऐन फुलोऱ्यातलं झाड तोडावं लागलं. लोक म्हणाले, झाडच वाईट. मी हे आजही मान्य करत नाही. झाड चांगलं होतं, अंतर चुकलं.

म्हणून आधी अंतर मोज. गुलमोहर छत्रीसारखा आडवा फोफावतो. मोकळ्या जागेत सुरेख सावली देतो, पण लाकूड ठिसूळ, वादळात फांद्या मोडतात. मी तो आता घरापासून 30 फुटांच्या आत लावत नाही. शिवाय ऐन कोरड्या दिवसांत त्याची पानं गळतात, म्हणजे आईला ऊन लागतं तेव्हाच तो बोडका असू शकतो.

कदंब सरळसोट वर जातो आणि पहिली काही वर्षं झपाट्याने वाढतो. खालच्या फांद्या तो आपणहून गाळतो. जंगलात तो 45 मीटरपर्यंतही जातो, तेव्हा तारांखाली नकोच. त्याला खोल, ओल धरणारी माती लागते. मुरमाड, कोरड्या जमिनीत तो रखडतो, तिथे गुलमोहर बरा टिकतो. तुझ्याकडे ओल असेल आणि वर आभाळ मोकळं असेल, तर माझं मत कदंबाला. तोही भिंतीला चिकटून नव्हे.

रोप कुठलंही घे, पिशवी फाडल्यावर मुळं गोल गुंडाळलेली दिसली तर ती मोकळी करून लाव.

पण ते नंतर. उद्या टेप घेऊन बाहेर जा. भिंत, पाइप, तारा, तिन्हींची अंतरं कागदावर लिही आणि एक हात खोल खणून माती कशी निघते ते कळव. तोवर रोप आणू नकोस.